मानसिक आरोग्याचे सर्व्हे : या कामात करिअर होतं का, आणि त्यातली कुठली वाट आपली

तुमचा प्रश्न वाचला. मानसशास्त्रात एमए झालंय, वर्षभर परभणी-हिंगोलीकडे एका आरोग्य सर्व्हेत इन्व्हेस्टिगेटर म्हणून घरोघर फिरलात आणि आता मानसिक आरोग्याच्या सर्व्हेमध्येच पुढे जायचं मनात आहे. घरचे म्हणतात, बीएड करून टाक. हातात दोन ऑफर आहेत : एका कॉलेजात समुपदेशकाची, आणि अमरावती भागातल्या एका संशोधन प्रकल्पात अकरा महिन्यांच्या काँट्रॅक्टवर सुपरवायझरची. तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात. यात पोट भरतं का, पीएचडीवाचून अडतं का, आणि रोज लोकांचं दुःख ऐकून आपल्यावर काय परिणाम होतो.

मी सुरुवात इन्व्हेस्टिगेटर म्हणूनच केली. आज प्रश्नावल्या बांधणं, टीमचं ट्रेनिंग आणि आलेल्या डेटाची तपासणी ही माझी कामं आहेत. त्यामुळे माझा कल फील्डकडे झुकणार, हे धरूनच पुढचं वाचा; विद्यापीठात राहून हेच काम करणारं कुणी थोडं वेगळं सांगेल. शिवाय घरात तुमच्या पगारावर किती जण अवलंबून आहेत, बाहेरगावी राहायला कितपत मोकळीक आहे, यावर बरंच ठरतं. तरी एक गोष्ट ठामपणे सांगते. डिग्री आणि पगार यांच्या आधी हे बघा, की सर्व्हेच्या आकड्यात ज्या चुका शिरतात त्यांतली कोणती तुम्हाला स्वस्थ बसू देत नाही. या क्षेत्रातल्या वाटा तिथूनच फुटतात.

म्हणजे काय, ते सांगते. भारतात मानसिक आजार किती लोकांना आहे? १९९८ मध्ये त्याआधीच्या १३ अभ्यासांचा एकत्रित हिशेब प्रसिद्ध झाला, त्यात हजारी ५८ असा आकडा होता. पुण्यात सीआयडीआय ही जागतिक आरोग्य संघटनेची मुलाखत वापरून झालेला अभ्यास २०१२ मध्ये आला. त्यात आयुष्यात कधी ना कधी मानसिक आजार झालेले लोक साधारण ५ टक्के निघाले. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेने २०१५-१६ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. १२ राज्यं, जवळपास ३५ हजार प्रौढ. त्यात सध्या आजार असलेले १०.६ टक्के आणि आयुष्यात कधीतरी झालेला असे १३.७ टक्के. पुढे २०२० मध्ये लॅन्सेट सायकिअट्री या वैद्यकीय नियतकालिकात एक अंदाज आला, की २०१७ साली १९.७ कोटी भारतीयांना, म्हणजे दर सातांत एकाला (साधारण १४ टक्के), कुठला ना कुठला मानसिक विकार होता.

टक्क्यांत मांडले तर ५, ६, ११, १४. हे सगळे आकडे अभ्यासू लोकांनी मेहनतीने काढलेले आहेत. कुणी 'सध्या' विचारलं, कुणी 'कधीतरी'. कुणी दारूचं व्यसन धरलं, कुणी नाही. कुणी एका शहरात मोजलं, कुणी अनेक राज्यांत, आणि शेवटचा आकडा तर हाती असलेल्या सगळ्या माहितीवरून गणिती मॉडेलने काढलेला अंदाज आहे. निम्हान्सच्या त्या १२ राज्यांत महाराष्ट्रही नव्हता आणि गोवाही नव्हता. तरीही 'राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात इतके टक्के' अशी वाक्यं प्रकल्पांच्या प्रस्तावांत सर्रास दिसतात. असं वाक्य वाचून तुम्हाला अस्वस्थ वाटत असेल, तर या कामाचा पाया तुमच्यात आहे.

आता चुकांकडे येते.

पहिली चूक, भेटतो कोण. सॅम्पल कागदावर सुंदर असतं. गावं लोकसंख्येच्या प्रमाणात निवडली, घरांची यादी केली, ठरावीक अंतराने घर घेतलं, घरातला प्रौढ चिठ्ठी काढल्यासारखा निवडला. पण बीड जिल्ह्यात तुम्ही डिसेंबरात गेलात, तर ऊसतोडीला गेलेल्यांच्या दारांना कुलूप असतं; ती माणसं दिवाळीच्या सुमारास निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. 'तीन वेळा गेलो, घर बंद' असा शेरा मारून पुढे गेलात, तर जिल्ह्यातली सर्वांत ताणाखालची माणसंच आकड्यातून गळली. पेरणीच्या दिवसांत पुरुष भेटत नाहीत. पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांत वॉचमन गेटच्या आत सोडत नाही. फुटपाथवर, तुरुंगात किंवा मनोरुग्णालयात राहणारा माणूस तर घरोघरच्या सर्व्हेत मुळातच येत नाही. ज्यांना ही गळती सलते, ते सॅम्पलिंग आणि फील्ड-व्यवस्थापनाकडे जातात. सर्व्हेचं वेळापत्रक कधी लावायचं हे ठरवणारा माणूस कुठल्याही प्रकल्पात फार मोलाचा असतो, आणि ते ज्ञान फिरल्याशिवाय येत नाही.

दुसरी चूक, प्रश्नावली काय पकडते. नैराश्यासाठीची पीएचक्यू-९ ही प्रश्नावली तुम्ही अभ्यासली असेलच : गेल्या दोन आठवड्यांबद्दल नऊ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २७, आणि १० किंवा जास्त आले की पुढची तपासणी करावी असा संकेत. हा चाळणीचा फॉर्म आहे, निदान नव्हे. हे वाक्य सगळ्यांना पाठ असतं, पण त्याचा आकड्यावर काय परिणाम होतो हे फार थोडे जण हिशेबाने बघतात. समजण्यासाठी एक गणित घ्या. हजार माणसं, त्यातल्या ५० जणांना खरोखर नैराश्य आहे. चाळणी आजारी माणसांपैकी ८० टक्के पकडते आणि निरोगी माणसांपैकी ९० टक्के बरोबर वगळते, असं धरा. आजारी ५० मधले ४० सापडले. उरलेल्या ९५० निरोगींमधले १० टक्के, म्हणजे ९५, उगाच अडकले. एकूण १३५. बातमी होणार 'साडेतेरा टक्के लोकांना नैराश्य', जेव्हा खरं प्रमाण ५ आहे आणि त्या १३५ मधले फक्त ४० जण, म्हणजे तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी, खरोखर आजारी आहेत. चाळणी वाईट नव्हती. आजार विरळ असला की असंच होतं. हे गणित एकदा स्वतःच्या हाताने, वेगवेगळे आकडे घालून करून बघा. करताना रस वाटला तर मापनाचं शास्त्र ही तुमची वाट : प्रश्नावलीचं मराठीकरण, तिची तपासणी, चाळणीत आलेल्यांची तज्ज्ञाकडून दुसऱ्या टप्प्यातली मुलाखत, दोन तज्ज्ञांचं निदान किती जुळतं याचा हिशेब. मानसशास्त्राच्या एमएला इथे खरी किंमत आहे.

तिसरी चूक मुलाखतीत घडते. याबद्दल जरा जास्त लिहिते, कारण सुपरवायझर म्हणून तुमचा रोजचा संबंध हिच्याशी येणार आहे.

राष्ट्रीय सर्वेक्षणात वापरलेल्या 'मिनी'सारख्या, निदानासाठी बांधलेल्या ठरीव मुलाखतीत प्रत्येक आजाराच्या भागाला सुरुवातीला एक-दोन दारावरचे प्रश्न असतात. गेले दोन आठवडे दिवसभर उदास वाटतंय का? 'नाही' आलं की तो अख्खा भाग गळतो आणि पुढचा भाग उघडतो. 'हो' आलं की आणखी डझनभर प्रश्न. टॅब घेऊन उन्हात फिरणाऱ्या मुलाला किंवा मुलीला काही दिवसांत कळून चुकतं की 'नाही'ने मुलाखत लवकर संपते. मुद्दाम खोटं कुणी लिहीलच असं नाही. प्रश्न विचारण्याचा सूर बदलतो. 'उदास वगैरे नाही ना वाटत?' असा. समोरची बाई मान हलवते, आणि एक आजारी माणूस निरोगी म्हणून नोंदला जातो.

म्हणून मी दर आठवड्याला प्रत्येक इन्व्हेस्टिगेटरचे दारावरच्या प्रश्नांना आलेले 'हो' किती, ते मांडून बघते. पहिल्या आठवड्यात ज्याचे 'हो' बाकीच्यांइतके होते आणि पाचव्या आठवड्यात निम्म्यावर आले, त्याच्याबरोबर दुसऱ्या दिवशी मी स्वतः गावात जाते. रागवायला नव्हे; बहुतेक वेळा तो दमलेला असतो, किंवा एखाद्या घरात असं काही ऐकलेलं असतं की पुन्हा तो भाग उघडायची त्याला भीती बसलेली असते. अशा वेळी त्याला दोन दिवस घरांच्या यादीचं काम द्यायचं आणि मुलाखती दुसऱ्याकडे सोपवायच्या. याशिवाय काही फॉर्म निवडून सुपरवायझरने त्याच घरी पुन्हा जाऊन मोजके प्रश्न विचारायचे, मुलाखतीला लागलेला वेळ टॅबवर बघायचा, हे नेहमीचं आहेच.

आणि एकांत. आपल्याकडे मुलाखत सुरू झाली की सासू, जाऊ, शेजारीण, पोरं, सगळी ओसरीवर येऊन बसतात. 'आमच्या सुनेला काय दुःख आहे?' असं सासूच सांगून टाकते. यावर फॉर्ममध्ये 'एकांत होता का, हो/नाही' असा रकाना असतो, पण रकाना भरून एकांत मिळत नाही. मी टीमला शिकवते की दोघी जायचं. एकीने सासूबाईंशी घराची, शेतीची, दुखण्याखुपण्याची माहिती घेत बसायचं, दुसरीने सुनेला घेऊन मागच्या अंगणात जायचं. आत्महत्येच्या विचारांचा प्रश्न कुणी ऐकण्याच्या टप्प्यात असेल तर विचारायचाच नाही, वेळ मागून परत यायचं. तुम्ही वर्षभर फिरलायत, तेव्हा यातलं बरंच तुम्हाला ठाऊक असणार. तेच ज्ञान तुमची शिदोरी आहे. बायोडेटात 'डेटा कलेक्शन केलं' एवढंच लिहू नका; एकांत कसा मिळवलात, नकार किती आले, परत जाऊन किती घरं मिळवलीत, हे लिहा. मी मुलाखतीला बसते तेव्हा हेच शोधते.

चौथी गोष्ट चूक नाही, पण तिच्यामुळे अनेक जण या कामात टिकतात : आकड्याचं पुढे काय होतं. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' हा कार्यक्रम झाला. गावातल्याच प्रशिक्षित कार्यकर्त्यांपासून मानसोपचारतज्ज्ञांपर्यंत अशी त्याची रचना होती. सुरुवातीला सर्व्हे, दीड वर्षाने पुन्हा सर्व्हे. नैराश्य असलेल्यांपैकी उपचारापर्यंत पोचलेले आधी ४.३ टक्के होते, ते २७.२ टक्के झाले. हे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. पहिला सर्व्हे नीट झाला नसता, तर दुसऱ्याला काही अर्थ उरला नसता. राष्ट्रीय सर्वेक्षणात आजारानुसार ७० ते ९२ टक्के लोक उपचाराविना असल्याचं दिसलं, तेव्हा ही दरी भरतेय की नाही हे मोजत राहणारी माणसं लागणारच. निम्हान्सने राष्ट्रीय सर्वेक्षणाची दुसरी फेरी हाती घेतली आहे. गोव्यात 'संगत' ही संस्था १९९६ पासून हेच काम करते, पुण्यातही मानसिक आरोग्याच्या कायद्यावर आणि धोरणावर काम करणारे गट आहेत. म्हणजे काम आहे. प्रश्न स्थैर्याचा आहे.

त्याबद्दल स्पष्टच लिहिते. पहिली पाच-सात वर्षं बहुतेकांची काँट्रॅक्टवर जातात. अकरा महिने, मग मुदतवाढ, मग निधी संपला की नवा प्रकल्प. आयसीएमआर या केंद्रीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या प्रकल्पांत 'प्रोजेक्ट टेक्निकल सपोर्ट' आणि त्यावर 'प्रोजेक्ट रिसर्च सायंटिस्ट' अशा पायऱ्या आहेत, त्यांचं मानधन ठरलेलं असतं, पण नोकरी कायम नसते. दोन प्रकल्पांच्या मध्ये तीन-चार महिने रिकामे जाऊ शकतात. घरात तुमच्या पगाराशिवाय तेवढे महिने निघणार नसतील, तर आधी थोडी शिल्लक करा आणि मग या. यात कमीपणा काही नाही. सर्व्हे करणाऱ्या खासगी एजन्सींत पगार अधिक नियमित असतो, पण तिथे आज मानसिक आरोग्य, उद्या साबण, असं होतं.

पीएचडीबद्दल. फील्ड-व्यवस्थापन, ट्रेनिंग, डेटाचा दर्जा या कामांत तिच्यावाचून अडत नाही. या कामांत पीएचडी नसलेली पण सगळे ज्यांचा शब्द मानतात अशी माणसं मी पाहिली आहेत. स्वतःच्या नावावर निधी आणायचा, स्वतःचा अभ्यास उभा करायचा असेल तर मात्र पीएचडी लागतेच, किंवा एमडी. माझं मत असं, की लगेच करू नका. दोन वर्षं काम केल्यावर जो प्रश्न डोक्यातून जात नाही, तो घेऊन जा. मुंबईत देवनारला आयआयपीएस ही लोकसंख्या-अभ्यासाची संस्था आहे, शेजारीच टिस ही टाटांची समाजविज्ञान संस्था आहे. निम्हान्समध्ये सार्वजनिक आरोग्य आणि जीवसांख्यिकी शिकता येते. नेट-जेआरएफची तयारी काम करता करता होते, आणि फेलोशिप मिळाली तर पीएचडीची वर्षं आर्थिकदृष्ट्या काँट्रॅक्टपेक्षा बरी जातात. एक सावधगिरी : एमए मानसशास्त्रावर 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट' म्हणवून घेता येत नाही, त्याला पुनर्वास परिषदेची मान्यता असलेलं शिक्षण आणि नोंदणी लागते. सर्व्हेच्या कामाला त्याची गरज नाही, पण गावात कुणी 'डॉक्टर' म्हणालं तर तिथल्या तिथे दुरुस्त करा.

संख्याशास्त्र कच्चं आहे म्हणालात. पक्कं करावंच लागेल, पण क्लास लावण्याआधी खरा डेटा हातात घ्या. आयआयपीएसने २०१७-१८ मध्ये केलेल्या लासी या वृद्धांच्या सर्वेक्षणात ४५ वर्षांवरचे लोक आणि त्यांचे जोडीदार मिळून ७० हजारांहून अधिक जणांना नैराश्याबद्दलही विचारलंय, महाराष्ट्र आणि गोवा त्यात आहेत, आणि अर्ज केल्यावर संशोधनासाठी तो डेटा मिळतो. आर हे सॉफ्टवेअर फुकट आहे. महाराष्ट्रापुरतं एकच कोष्टक बनवा : वयोगट, बाई-पुरुष, नैराश्याचं प्रमाण. आधी वेट (सॅम्पलमधला एक माणूस लोकसंख्येतल्या किती जणांच्या वतीने मोजायचा, तो भार) न लावता, मग लावून. दोन आकड्यांत फरक का पडला हे तुम्हाला सोप्या मराठीत सांगता आलं, की भीती गेली समजा.

राहिला मनावरचा परिणाम. होतो. दिवसाला चार-पाच सखोल मुलाखतींपलीकडे गेलं की नक्की होतो. माझ्या पाहण्यात ऐकण्याने थकलेली माणसं सुट्टीनंतर परत उभी राहिली. पीएचक्यूच्या नवव्या प्रश्नाला 'रोज वाटतं, मेलेलं बरं' असं उत्तर ऐकून, फॉर्म सबमिट करून ज्यांना तसंच उठून यावं लागलं, त्यांनी काम सोडलं. त्यामुळे हा प्रश्न तुमच्या मनाच्या कणखरपणाचा कमी आणि संस्थेच्या तयारीचा जास्त आहे. नवव्या प्रश्नाला 'हो' आलं की पुढे काय, हे लेखी हवं : कोणते जोडप्रश्न विचारायचे, उत्तर देणाऱ्या व्यक्तीला एकटं सोडायचं नाही, सुपरवायझरला तिथूनच फोन, जिल्हा रुग्णालयात कुठल्या वारी कोणाकडे न्यायचं, आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक तिच्या हातात. जिवाला धोका वाटला तर आम्ही ही गोष्ट गुप्त ठेवणार नाही, हे संमतीपत्रातच सुरुवातीला वाचून दाखवायचं. घरचे 'पोलीस केस होईल' म्हणून घाबरतात; २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या ११५ व्या कलमाने आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असंच मुळात गृहीत धरलं जातं, हे टीममधल्या प्रत्येकाला सांगता आलं पाहिजे. संध्याकाळी सगळ्यांनी बसून दिवस बोलून टाकायचा अर्धा तास हा कामाच्या वेळेतच धरलेला हवा. सुपरवायझर झालात तर तो तुम्हाला सांभाळायचा आहे, आणि तुमचं ऐकून घेणारंही कुणी वर असायला हवं.

तर दोन ऑफर. समुपदेशकाची नोकरी वाईट नाही. समोरच्या एका मुलाचं बरं झालेलं डोळ्यांनी दिसतं, ते समाधान सर्व्हेत मिळत नाही. पण तुम्ही लिहिलेल्या प्रश्नात एक वाक्य होतं, 'नकार दिलेल्या घरांत नेमकं काय चाललं असेल, हेच डोक्यात राहतं'. ते वाचून मी अमरावतीकडे झुकते. सही करण्याआधी मात्र तिथे फोन करून विचारा. इन्व्हेस्टिगेटरना पैसे फॉर्ममागे मिळतात की महिन्याने? फॉर्ममागे असतील तर दारावरच्या प्रश्नांचं काय होतं ते वर लिहिलंच आहे. मी तिथे जाऊ नका म्हणेन. आजारी माणसाला पुढे पाठवण्यासाठी कोणत्या मानसोपचारतज्ज्ञांशी बोलणं झालंय, आणि ते आठवड्यात कधी भेटतात? नैतिक समितीची परवानगी आली आहे का? सुपरवायझरला डेटा बघायला मिळतो की फॉर्म वर पाठवले की संपलं? आणि शोधनिबंध लिहिला गेला, तर त्यात तुमचा वाटा काय असेल? शेवटच्या दोन प्रश्नांची उत्तरं ईमेलवर मागून घ्या. प्रकल्पाच्या मध्यावर प्रमुख बदलतात, तोंडी ठरलेलं नव्या प्रमुखांना माहीत नसतं, आणि तेव्हा तो ईमेल उपयोगी पडतो.